तुमचं नाव फिनलंडला पोचलं

जेद्दा,
शुक्रवार, दुपार

प्रिय बाबा,

तुम्ही होता तेव्हा मी पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिहायचो आणि आत हवापाण्यापलीकडे काही लिहायचो नाही. आज 'प्रिय' लिहितोय. बातमीच तशी आहे. कालपासून ती माझ्या पोटात मावत नाही. आईला सांगून झाली, खोलीतल्या बाबीला सांगून झाली, मेसमधल्या बंगाली आचाऱ्यालासुद्धा सांगितली. ज्याची बातमी, त्यालाच सांगायची राहिली!

बाबा, तुमचं नाव फिनलंडच्या भाषेत गेलं. धोंडू हा आता तिकडचा एक शब्द आहे. तिथल्या कारखान्यांत माणसं तो रोज बोलतात. काल तो पुस्तकात छापून माझ्या हातात आला!

हसताय ना? मला दिसतंय. मान खाली घालून, खांदे हलवत, आवाज न करता. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तुम्हाला मोठ्याने हसायची सवयच नव्हती.

तुम्हाला तुमचं नाव कधी आवडलं का हो? मी विचारलं नाही. आजीने सांगितलं होतं की तुमच्याआधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तुमचं नाव धोंडू ठेवलं. धोंडा कोण कशाला उचलून नेईल? मरणाने बघावं आणि पुढे जावं, एवढ्यासाठी. केवढी माया होती त्या नावात! पण शाळेत हजेरी घेताना गुरुजी 'अनंत धोंडू' म्हणायचे आणि मागच्या बाकावरून 'ए धोंड्या' ऐकू यायचं. मी दहावीच्या वहीवर 'अनंत डी.' लिहायला लागलो. तुम्ही वही उघडली, ते पाहिलं आणि परत मिटून ठेवली. काही बोलला नाहीत. तेव्हा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तुमचं ते न बोलणंच मला अजून लागतं.

इथे आलो तर पहिल्याच दिवशी गंमत झाली. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं, हे यांना काय माहीत? पासपोर्टावरून इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना झाला, इकाम्यावरून गेटपास, गेटपासवरून हेल्मेटची पट्टी. छापणाऱ्याने काय समजून काय घेतलं देव जाणे, पण माझ्या पिवळ्या हेल्मेटवर मोठ्या अक्षरांत फक्त तुमचं नाव आलं. माझं नावच नाही! मी स्टोअरमधून रुंद राखाडी चिकटपट्टी आणली आणि तुमच्या नावावर आडवी मारली. त्यावर मार्करने लिहिलं, अनंत.

हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतोय.

हेल्मेट बदलायची वेळ आली की नव्यावरही तेच नाव आणि तीच पट्टी. अठरा वर्षं. आणि रोज सकाळी प्लँटच्या बसमध्ये डोळे मिटून मी मनात रामनाम घ्यायचो. इथे उघड काही करायचं नसतं, करायची गरजही नसते. मनातल्या नामाला कुणाचा गेटपास लागतो? पण बाबा, डोक्यावर बापाचं नाव झाकून आत देवाचं नाव घेत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

आता मात्तीची ओळख करून देतो. आमच्या प्लँटमध्ये समुद्राचं पाणी गोडं करतात. तिथल्या पंपांसाठी फिनलंडहून एक इंजिनियर आला होता. उंच, लालबुंद, उन्हात सोललेला. पहिल्या दिवशी त्याने माझा गेटपास वाचला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, धोंडू." गेटपासवर पट्टी मारायची सोय नव्हती ना! त्याच्या तोंडी ते 'दोंदू' असं यायचं. मी दोनतीनदा सांगितलं, मी अनंत. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत दोंदू. खलास! मग मी नाद सोडला.

ते ऐकून बाबी म्हणाला होता, "दोंदू? खंयचा दोंद? तुझो बापूस तर काटकुळो होतो, मी फोटोत बघलंय!" बाबी आमचा इलेक्ट्रिशियन, कुडाळचा. अकरा वर्षं एका खोलीत राहतोय. तो तोंड उघडतो तेव्हा मला गावी गेल्यासारखं वाटतं.

एकदा एक पंप काही केल्या स्थिर होईना. तीन दिवस मीटर लावून झाले, सगळे बोल्ट आवळून झाले. जितकं आवळावं तितका जास्त थरथरतोय! मात्ती, मी, दोन फिलिपिनो, एक बंगाली. पाच माणसांत चार भाषा आणि सगळ्यांचं डोकं तापलेलं. आणि मला तुमची वाटी आठवली.

तुमची पितळेची वाटी! गिरणीच्या खिडकीत कायम असायची, भाताच्या तुसाने भरलेली. इंजिन वेडंवाकडं चालायला लागलं की तुम्ही ती धुऊन पाणी भरायचा, वर एक तूस सोडायचा आणि इंजिनाच्या एकेका पायावर ठेवायचा. मी कान लावून ऐकायला जायचो तर ओरडायचा, "अंत्या, एवढ्या आवाजात कानाला काय कळणार? पाण्याकडे बघ!" मग त्या पायाचा बोल्ट किंचित सैल करायचा. आणि जो बोल्ट सैल केल्यावर उलट पाणी शांत व्हायचं, तोच पाय नीट टेकलेला नाही हे तुम्हाला कळायचं. त्याला जोर लावून आवळल्यामुळे सगळं इंजिन पिळवटत होतं. मग खाली पत्र्याचा बारीक तुकडा सारायचा आणि झालं.

मी ऑफिसातून कहव्याचा कप आणला. इथे त्याला फिंजान म्हणतात, बिनकानाचा, चिमुकला. पाणी भरलं, चहाची एक पत्ती टाकली, मात्तीला विचारून पंपाच्या पायावर ठेवला. पत्ती थयथय नाचायला लागली. पहिला बोल्ट जरासा सैल केला, तशीच नाचतेय. दुसरा, तशीच. तिसरा सैल केला आणि बाबा, पत्ती थांबली! पाचही माणसं एकदम ओरडली, पाच तऱ्हेने. बंगाली तर नाचलाच.

मात्तीने विचारलं, "ही युक्ती तुझी?"

मी मान हलवली. हो म्हणून.

का हलवली? खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. गिरणी, तूस, वाटी, हे सगळं इंग्रजीत कोण सांगत बसणार, असं वाटलं. शिवाय पहिल्यांदाच कुणी तरी माझ्याकडे तसं बघत होतं. त्या शुक्रवारी तुम्हाला फोन केला तेव्हाही बोललो नाही. तुम्ही नेहमीसारखं "जेवलास का?" विचारलंत आणि फोन आईकडे दिलात. दोन मिनिटं जास्त बोलला असता तर काय बिघडलं असतं, बाबा? मीही बोललो असतो.

मात्ती गप्पांचा मात्र भारी शौकीन. चहाच्या सुट्टीत एकदा त्याने माझ्या हेल्मेटवरच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, आमच्याकडे कामगार या पट्टीला येसारी म्हणतात. येशूच्या नावावरून! का? तर ती सगळं तारून नेते म्हणून. माझ्या अंगावर काटा आला. मी त्याला म्हटलं, देवाच्या नावावरून चिकटपट्टी? तो हसला. म्हणाला, आमच्या भाषेत परक्या माणसांच्या नावांचे किती तरी शब्द आहेत, आम्ही ती नावं घेतो आणि वापरून वापरून आमची करतो.

आणि मग त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. ऐका हं! लोखंडावर जस्त चढवायला ते गाल्वानोइदा म्हणतात, ते एका इटालियन माणसाच्या नावावरून. तुमच्या छातीचा चिपळूणला काढला तो फोटो आठवतो? त्याला त्यांच्याकडे रोंटगेन म्हणतात, तो जर्मन शास्त्रज्ञ. सम्राटाला कैसारी म्हणतात, तो तर रोमचा. तंबाखूतल्या विषाला निकोतीनी, तो एक फ्रेंच वकील, म्हणजे राजाचा दूत. हे ऐकून बाबीने हातातली सिगरेट उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे इतकी वर्सां मी एका वकिलाक ओढतंय?"

आणि बाबा, डिझेल! डिझेल हेसुद्धा माणसाचं नाव आहे! तुम्हाला माहीत होतं? पस्तीस वर्षं तुम्ही त्या इंजिनाला रोज कुंकू लावून नमस्कार केलात, तो एका जर्मन माणसाच्या नावाला पोचत होता. मला हे इतकं भारी वाटलं! माणूस जातो, त्याचं गाव जातं, त्याचा चेहरा कुणाला आठवत नाही, आणि तरी कुठल्या तरी परक्या देशातला कामगार सकाळी उठून त्याचं नाव घेतो आणि कामाला लागतो. याहून वेगळं नामस्मरण काय असतं?

त्याच वेळी मात्ती म्हणाला होता, "बघ, एक दिवस तूही आमच्या भाषेत येशील, दोंदू." मी थट्टा समजलो.

तो परत गेला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. देशाबाहेर जायच्या परवानगीचा, एक्झिटचा कागद हातात पडेपर्यंत तुमचं सगळं आटोपलं होतं, मी बाराव्याला पोचलो. ते जाऊ दे. आज रडायचं नाही असं ठरवून बसलोय.

यंदा मे महिन्यात मात्तीचा फोन आला. त्याने तिकडच्या कारखान्यात सगळ्यांना कपाची युक्ती शिकवली होती. आता तिकडे तो कप म्हणजे 'दोंदू'. पंप हलला की म्हणतात, दोंदू आण. क्रियापदसुद्धा केलंय! आणि त्यांची कंपनी फिटर लोकांसाठी पुस्तिका छापत होती, त्यात हा शब्द जाणार होता. खाली टीप हवी होती, हे नाव कुणाचं. संपादक बाई नियमाच्या पक्क्या. धोंडूने स्वतः लिहून द्यावं आणि फोटो पाठवावा, असं त्यांचं म्हणणं. मात्तीला वाटतं, धोंडू म्हणजे मीच!

नेमकी त्याच वेळी इथे फोरमनची जागा रिकामी झाली होती. आमचे हैदराबादचे इंजिनियर साहेब खूश होऊन म्हणाले, "अरे अनंत, हाँ लिख दे और फोटो भेज दे. किताब में नाम आया तो मैं ऊपर बोल सकता हूँ. फोरमन पक्का समझ."

मी म्हटलं, "साब, वो नाम मेरे पिताजी का है."

"तो क्या हुआ? पासपोर्ट में तो तेरा ही है ना!"

खरंच होतं, बाबा. कागदावर बघितलं तर धोंडू मीच. एक होकार, एक फोटो, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. खोटं तरी कुठे होतं? दोन दिवस मी त्या विचारात होतो. वय पन्नाशीला आलंय, गुडघे बोलायला लागलेत, फोरमन झालो तर शिडीवर चढायचं नाही. आणि खरं लिहिलं तर? भीती तीच होती. जो माणूस त्यांनी पाहिला नाही, ज्याने त्यांच्या पंपाला कधी हात लावला नाही, त्याचं नाव ते कशाला ठेवतील? शब्दच काढून टाकतील. साधं 'कप चाचणी' म्हणतील. मग तुमचं नाव माझ्यामुळेच पुसलं जाईल. दुसऱ्यांदा.

मुग्धाला फोन लावला. तुमची नात आता रत्नागिरीला कॉलेजात आहे, इंग्रजी पत्र तीच लिहून देते. मी एकेक सांगत गेलो, ती लिहीत गेली. मध्येच थांबली.

"पप्पा, पण मग त्यांना 'माझी युक्ती' असं कोणी सांगितलं होतं?"

"मीच."

ती म्हणाली, "मग आता आजोबांची लिहिते. पण त्यांनी शब्दच काढला तर?"

"काढू दे. लिही तू."

"फोटो कोणाचा लावू? तुमचा नाही ना?"

"गिरणीच्या दारातला आहे ना तुझ्याकडे, आजोबा बनियनवर उभे आहेत तो?"

"ई! बनियनवरचा?"

"तोच लाव."

तर तुमचा बनियनवरचा फोटो फिनलंडला गेला. रागावू नका, दुसरा होता तरी कुठे?

नंतर दोन महिने काही नाही. ना फोन, ना निरोप. फोरमनची जागा एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या माणसाला मिळाली. चांगला आहे, मला 'या शेख' म्हणतो, मान देतो. मी रोज कामावर जायचो आणि पट्टीकडे बघायचो. मनाची समजूत घालून ठेवली होती, खरं सांगितलं ना, मग बास.

आणि काल ऑफिसमधून बोलावणं आलं. पाकीट. मी तिथेच उभ्या उभ्या फाडलं. निळी पातळ पुस्तिका, अर्धी फिनिश, अर्धी इंग्रजी. पानं उलटताना माझे हात थरथरत होते, तुमची वाटी ठेवली असती तर तूस खाली पडलं असतं! आणि एका पानावर चित्र. पंपाच्या पायावर छोटा कप, पाण्यात चहाच्या पत्तीऐवजी त्यांच्याकडच्या झाडाची हिरवी सुई तरंगतेय. वर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव. आणि खाली टीप. मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. लिहिलंय की हे नाव भारतातल्या समुद्राजवळच्या एका गावातले भातगिरणीवाले धोंडू यांचं, जे पाण्याच्या वाटीत यंत्राचं दुखणं बघायचे, आणि ही युक्ती आमच्यापर्यंत त्यांच्या मुलाने आणली.

'त्यांच्या मुलाने.' माझं नाव नाही. नकोच होतं. एवढी मोठी पदवी मला कुठल्या फोरमनकीने दिली असती?

सोबत मात्तीची चिठ्ठी होती. म्हणतो, बाईंनी शब्द काढायचं ठरवलं होतं, पण तुमचा फोटो पाहून त्यांचा विचार बदलला. फोटोत मागे खिडकीत वाटी दिसतेय! मला इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती. तुम्ही सांगायचा तेच झालं बघा. मी ऐकत बसलो, बघितलंच नाही.

बाबीने पुस्तिका हिसकावून घेतली. "अंत्या, तुझ्या बापाशीचा नाव पुस्तकात इला? आणि मेल्या, तू त्येच्यार टेप मारून बसलंस इतकी वर्सां?" मग उठून शराफियाच्या बाजारात गेला आणि येताना एवढा मोठा जिलेबीचा पुडा घेऊन आला. अख्ख्या मजल्याला वाटली.

आईला फोन लावला. तिला सगळं दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे परकी माणसं ह्यांचं नाव घेतात? चारचौघांत? कामाच्या जागी?"

"रोज घेतात."

"बायकासुद्धा?"

"असतील की, तिकडे बायकाही फिटर असतात."

ती बराच वेळ हसत होती. पंचावन्न वर्षांच्या संसारात तिने तुमचं नाव उखाण्याबाहेर एकदाही घेतलं नाही, तुम्हाला माहीत आहे. 'अहो', नाही तर 'अंत्याचे बाबा'. ती म्हणाली, "कसं म्हणतात ते?" मी म्हटलं, "दोंदू." ती म्हणाली, "छे, छे! चुकतात मेले." आणि मग, बाबा, अगदी हळू, जसं नैवेद्याच्या ताटाभोवती पाणी फिरवावं तसं, तिने तुमचं नाव घेतलं.

"धोंडू."

नुसतं एवढंच. मग म्हणाली, "असं म्हणायला सांग त्यांना." आणि फोन ठेवून दिला.

मी खाली जाऊन हेल्मेट घेतलं. पट्टी उन्हाने कडक झाली होती, नखाने निघेना. चाकू घेतला, ओरखडा पडेल म्हणून ठेवला, कोमट पाणी लावून लावून सोलली. आणि काय दिसलं सांगू? बाकीचं हेल्मेट उन्हाने पांढुरकं पडलंय. पट्टीखालचा तेवढाच भाग हळदीसारखा पिवळाधमक, आणि त्यावर तुमचं नाव कोरं करकरीत, काल छापल्यासारखं. मी झाकलं होतं लाजेने. राखलं कुणी?

बाबा, गणपतीला गावी येतोय. वाटी आईने देवघरात ठेवली आहे, ती घासून, पाणी भरून, एक तूस सोडून तुमच्या फोटोपुढे ठेवीन. पुस्तिकाही ठेवीन, आणि मात्तीला फोन लावून आईकडून तुमचं नाव नीट म्हणायला शिकवीन. तो चुकेल, ती ओरडेल, तुम्ही खांदे हलवत हसा. आणि एक वचन आजपासूनच. उद्या सकाळी हेच हेल्मेट घालून बसमध्ये बसेन, पट्टीशिवाय. यापुढे कुठल्याही कागदावर, कुठल्याही देशात, तुमचं नाव तोडून लिहिणार नाही. ही सुरुवात.

तुमचा,
अनंत धोंडू